इंजिन बदलले, काटा मात्र शून्यावरच

जुन्या मोटारीत दुसरे इंजिन बसवून झाले की बहुतेक गॅरेजांमध्ये एकच प्रसंग घडतो. चावी फिरते, इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू होते, आवाज एकसारखा येतो आणि मालकाचा जीव भांड्यात पडतो. मग कोणाचे तरी लक्ष डॅशबोर्डकडे जाते. वेगमापकाशेजारचा टॅकोमीटर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला आरपीएम मीटर, शून्यावर निपचित पडलेला असतो. कधी तो हलतो, पण भलतेच आकडे दाखवतो. 'गाडी पळते आहे ना, मग काट्याचे काय एवढे,' असे म्हणून विषय तिथेच संपवला जातो. जुन्या गाड्यांत वेगमापक गिअरबॉक्सवर चालतो. त्यामुळे तो पूर्वीसारखाच काम करीत राहतो, आणि इंजिन मिनिटाला किती फेरे घेत आहे याचा पत्ता नसतानाही गाडी रस्त्यावर येते.

कायद्यालाही या काट्याचे सोयरसुतक नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगमापकाची सक्ती आहे, टॅकोमीटरची नाही. त्यामुळे तो चालत नाही ही मालकाची हौसेची तक्रार समजली जाते. वस्तुतः ते एक लक्षण असते. नव्या इंजिनाकडून जुन्या गाडीला मिळायला हवी ती माहिती मिळत नाही, याचे ते पहिले आणि उघड्या डोळ्यांना दिसणारे लक्षण. जुनी वाहने राखावीत की मोडीत काढावीत, या विषयावर गेली काही वर्षे देशात जो वाद रंगला आहे, त्यात वयाची, धुराची आणि शुल्काची चर्चा भरपूर झाली. या लक्षणाकडे मात्र कोणी पाहिले नाही.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना पंपावर इंधनच नाकारण्याचा प्रयोग झाला आणि लोकांच्या संतापामुळे काही दिवसांतच तो गुंडाळावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या आधारावर कठोर कारवाई करू नये असे सांगितले आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. महाराष्ट्रात खासगी मोटारींवर अशी सरसकट बंदी नाही, पण जुनी गाडी बाळगणे महाग मात्र झाले आहे. पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते २०२५ मध्ये दहा हजार झाले.

अशा वेळी मालकापुढे तीन वाटा उरतात. गाडी भंगारात द्यावी, परप्रांतात विकावी किंवा तिला नवे हृदय बसवावे. तिसरी वाट सरकारलाही अधूनमधून आकर्षक वाटते. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये मुदत संपलेल्या डिझेल गाड्यांना विजेचे किट बसवून चालवण्याचा पर्याय पुढे केला होता. मुंबईला तर ही वाट जुनीच परिचित आहे. पेट्रोलच्या तुलनेत डिझेल स्वस्त होते त्या काळात प्रीमिअर पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसिडर गाड्यांची पेट्रोल इंजिने उतरवून तेथे डिझेल इंजिने बसवण्याचा सपाटा लागला होता. पुढे हवा बिघडली, उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि शहरातल्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा गाठून अखेरची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तोवर या एका जातीच्या गाडीने तीन इंधने पचवली होती. म्हणजे इंजिन बदलणे हा काही मूठभर शौकिनांचा उद्योग नव्हे. तो कष्टकऱ्यांच्या पोटापाण्याशी जोडलेला व्यवहार होता आणि आहे.

या व्यवहारात लोखंडाचे काम आपल्याकडचे कारागीर उत्तम करतात. इंजिनाचे माउंटिंग नव्याने जोडणे, शाफ्टची लांबी कमी-जास्त करणे, रेडिएटर बसवणे यांत कुर्ल्यातल्या किंवा पुण्यातल्या फिटरचा हात धरणारे थोडे. घोडे अडते ते तारांपाशी. टॅकोमीटरचे उदाहरण घेतले तर ते का अडते हे नीट उमगते.

टॅकोमीटर इंजिनाचे फेरे थेट मोजत नाही. तो ठोके मोजतो. पेट्रोल इंजिनाच्या जुन्या रचनेत इग्निशन कॉईलच्या ऋण टोकाला एक तार जोडून ती काट्याकडे नेलेली असते. प्रत्येक ठिणगीच्या वेळी त्या टोकाला एक झटका उमटतो आणि काटा असे झटके मोजून त्यांचे फेऱ्यांत रूपांतर करतो. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. त्यामुळे चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात, सहा सिलिंडरच्या इंजिनात तीन आणि आठच्या इंजिनात चार. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या कॉईलवर सेकंदाला शंभर झटके येतात. काटा कोणत्या इंजिनासाठी बनवला आहे, त्यावर हे गणित कारखान्यातच पक्के केलेले असते.

आता इंजिन बदलले, काटा तोच राहिला. चार सिलिंडरसाठी बनवलेला काटा सहा सिलिंडरच्या इंजिनाला जोडला तर तो दीडपट दाखवतो. खरे चार हजार असताना सहा हजार. मालक घाबरून गिअर आधीच बदलतो, इतकेच. उलट घडले तर गोष्ट गंभीर होते. सहा सिलिंडरचा काटा चार सिलिंडरच्या इंजिनाला जोडला की तो दोन-तृतीयांश दाखवतो. काटा निवांत चार हजारांवर असतो तेव्हा इंजिन सहा हजारांवर किंचाळत असते. तीन सिलिंडरच्या छोट्या मोटारीत चार सिलिंडरचे इंजिन घालणाऱ्यांचा काटा एक-तृतीयांशाने जास्त बोलतो. बाजारात सुटे मिळणाऱ्या चांगल्या टॅकोमीटरच्या पाठीमागे सिलिंडरची संख्या निवडण्याचा छोटा खटका असतो. तो योग्य जागी सरकवला की प्रश्न मिटतो. पण गाडीच्या मूळ काट्यात बहुधा असा खटका नसतो. तेथे आतल्या सर्किटमधला रेझिस्टर बदलून काटा नव्याने जुळवावा लागतो किंवा मध्ये ठोक्यांचे प्रमाण बदलणारे छोटे यंत्र घालावे लागते. हे काम फिटरचे नव्हे आणि घड्याळजीचेही नव्हे. ते दोघांच्या मधले आहे.

ठोक्यांची संख्या जुळली तरी त्यांचा जोर जुळेलच असे नाही. जुन्या कॉईलच्या ऋण टोकाला येणारा झटका दोन-तीनशे व्होल्टपर्यंत उसळी घेतो आणि जुना काटा तेवढ्या धक्क्याची अपेक्षा धरूनच बसलेला असतो. नव्या इंजिनात ठिणग्यांचा कारभार संगणकाकडे, म्हणजे ईसीयूकडे असतो. तो काट्यासाठी जो संदेश देतो तो पाच किंवा बारा व्होल्टचा, सभ्य, चौकोनी आकाराचा. जुन्या काट्याच्या दृष्टीने ही कुजबुज झाली. त्याला ती ऐकूच येत नाही. पुष्कळ ईसीयू तर स्वतःहून व्होल्टेज देतच नाहीत, ते फक्त तार अर्थ करतात आणि सोडतात. अशा ठिकाणी त्या तारेला बारा व्होल्टकडून एक रेझिस्टर जोडून द्यावा लागतो. तो नसेल तर काटा हलत नाही आणि दोष बिचाऱ्या मीटरवर येतो. जुन्या काट्याला धक्काच हवा असेल तर तो निर्माण करणारा अडॅप्टर मध्ये घालावा लागतो. चतुर कारागीर साध्या रिलेची कॉईल वापरून असा धक्का तयार करतात. ही युक्ती मोठ्या महाविद्यालयात शिकवली जात असेल की नाही, कोण जाणे. गॅरेजमध्ये मात्र ती चालते.

आणखी एक खोच आहे. नव्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल असते. तिच्यावर दोन फेऱ्यांत एकच झटका येतो. घाईत एखाद्या कॉईलवरून तार घेतली तर चार सिलिंडरचा काटा खऱ्याच्या फक्त पाव हिस्सा दाखवतो. दोन सिलिंडरमध्ये एक कॉईल अशी रचना असेल तर निम्मा. काटा हलतो आहे हे पाहून मंडळी समाधान मानतात आणि तो निम्मेच सांगतो आहे हे कित्येक महिने कोणाच्या ध्यानातही येत नाही.

डिझेलचा मामला तर सर्वस्वी निराळा. तेथे ठिणगीच नाही, मग कॉईल कोठली? पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवले की मूळ काट्याची तार लोंबकळत राहते. उपाय दोन. काही अल्टरनेटरांना 'डब्ल्यू' नावाचे टोक असते. अल्टरनेटरच्या आत वीज एकदिश होण्यापूर्वीची एका फेजची लाट तेथे मिळते आणि ती इंजिनाच्या फेऱ्यांच्या प्रमाणात असते. पण हे प्रमाण अल्टरनेटरच्या चुंबकीय ध्रुवांवर आणि पुल्यांच्या आकारावर ठरते. अल्टरनेटरमध्ये ध्रुवांच्या सहा जोड्या असतील आणि तो इंजिनाच्या अडीच पट वेगाने फिरत असेल तर इंजिनाच्या एका फेऱ्याला पंधरा लाटा मिळतात. दोनच ठोके मोजायची सवय असलेल्या काट्याला ही संख्या पेलवत नाही. त्यासाठी डिझेलचा जुळवता येणारा मीटर हवा. शिवाय पट्टा सैल पडून घसरू लागला की काट्याचा हिशेबही घसरतो. दुसरा उपाय अधिक भरवशाचा: फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर चुंबकीय सेन्सर बसवायचा आणि दाते मोजायचे. एकशे वीस दाते असतील तर तीन हजार फेऱ्यांना सेकंदाला सहा हजार ठोके. घरांच्या बिलाप्रमाणेच हे बिलही मोजूनच येते, अंदाजाने नव्हे.

डिझेलच्या बाबतीत काटा चुकला तर काय बिघडते, असा प्रश्न विचारला जाईल. जुन्या डिझेल इंजिनाची झेप साधारण चार हजार फेऱ्यांपर्यंत. जुन्या डायलवरची लाल रेघ मात्र पेट्रोल इंजिनाच्या मापाने सहा हजारांच्या आसपास रंगवलेली. इंजिनाला स्वतःचा गव्हर्नर असतो हे खरे, पण घाट उतरताना चुकून खालचा गिअर पडला तर इंजिनाला चाकेच फिरवतात आणि तेथे गव्हर्नरचे काही चालत नाही. चालकाला सावध करणारा साक्षीदार एकच असतो, तो म्हणजे काटा. तोच झोपलेला, किंवा त्याच्यापुढची लाल रेघ दुसऱ्याच इंजिनाची.

येथवर गोष्ट इंजिनाच्या आयुष्याची आणि मालकाच्या खिशाची झाली. प्रवाशांच्या जिवाशी तिचा संबंध वेगळ्या ठिकाणी येतो. काट्याला जाणारी तार ही काही एकट्या काट्याची नसते. सीएनजी आणि एलपीजीच्या इलेक्ट्रॉनिक किटला इंजिन फिरते आहे की थांबले, हे कळावे लागते आणि ते याच ठोक्यांवरून कळते. ठोके थांबले की गॅसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद होतो. अपघातात इंजिन बंद पडले, चावी मात्र सुरूच राहिली, तरी गॅस वाहत राहू नये यासाठीची ही तरतूद आहे. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत विजेवर चालणारा इंधन पंपही अशाच संदेशावर चालू किंवा बंद होतो. म्हणजे ज्या तारेकडे 'आरपीएम मीटरची वायर' म्हणून दुर्लक्ष केले जाते, तिच्यावर गॅसचा आणि इंधनाचा नळ अवलंबून असू शकतो. इंजिन बदलताना ही तार तुटली, किंवा 'गाडी मध्येच बंद पडते' या तक्रारीवर तोडगा म्हणून व्हॉल्व्हला थेट चावीवरून करंट दिला, तर गाडी धावते झकास. संरक्षण मात्र गेलेले असते आणि त्याची नोंद कोणत्याही कागदावर नसते.

उलट बाजूही तितकीच खरी. कॉईलच्या ऋण टोकावरून काढलेली तार चिमट्याने पिळून, वर पट्टी गुंडाळून, फायरवॉलच्या पत्र्यातल्या भोकातून रबरी ग्रोमेटशिवाय ओढलेली असते. सहा महिन्यांच्या हादऱ्यांनी तिचे आवरण घासते, तांबे पत्र्याला टेकते, कॉईल कायमची अर्थ होते आणि ठिणगी थांबते. गाडी जेथे असेल तेथे बंद पडते. ती जागा गॅरेजचे आवार असेलच असे नाही. बोरघाटातली उजवी मार्गिकाही असू शकते. काट्याची हौस म्हणून ओढलेली तार इंजिन बंद पाडू शकते, हे ज्याला माहीत आहे तो तेथे ग्रोमेट घालतो, तार प्लगच्या केबलपासून दूर नेतो आणि काट्याला बारा व्होल्ट देणाऱ्या तारेत फ्यूज घालतो. ग्रोमेटची किंमत काही रुपये. प्रश्न किमतीचा नाही, माहितीचा आहे.

माहितीचे हे दालन गेल्या वीस वर्षांत आणखी बंदिस्त झाले आहे. आजच्या गाडीत काट्याला स्वतंत्र तार नसतेच. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चकतीसमोरचा सेन्सर ईसीयूला सांगतो, ईसीयू फेरे मोजतो आणि तो आकडा दोन पिळलेल्या तारांच्या जाळ्यावरून डॅशबोर्डला धाडतो. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणलेले हे 'कॅन' जाळे आज जवळपास प्रत्येक मोटारीत आहे. प्रत्येक संदेशाला एक क्रमांक असतो आणि तो क्रमांक प्रत्येक कंपनीचा निराळा. एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या गाडीत घातले की दोघे वेगवेगळ्या भाषा बोलतात. काटा शून्यावर राहतो, एसी सुरू होत नाही, पॉवर स्टीअरिंग जड होते, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिथरतो. कारण यांतल्या प्रत्येकाला तोच आकडा हवा असतो. मध्ये दुभाषी यंत्र बसवता येते. पण कोणत्या क्रमांकाचा संदेश काय सांगतो हे दुभाष्याला आधी शिकवावे लागते, आणि तो शब्दकोश कंपनीच्या तिजोरीत असतो.

या तिजोरीची दखल देशात एकदा गांभीर्याने घेतली गेली होती. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीच्या माहितीपुस्तिका आणि दोष शोधणारी उपकरणे केवळ अधिकृत विक्रेत्यांच्या हाती ठेवून स्वतंत्र गॅरेजांची आणि ग्राहकांची कोंडी केली, असा आयोगाचा निष्कर्ष होता. ही साधने खुल्या बाजारात द्यावीत, असा आदेशही त्यात होता. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण न्यायालयांत रेंगाळले आणि दंडाच्या आकड्याची जेवढी चर्चा झाली तेवढी आदेशाच्या त्या दुसऱ्या भागाची कधीच झाली नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, मोटारींचा त्यात समावेश केला आणि वर्षअखेरीस एक पोर्टलही उघडले. पण पोर्टलवर ग्राहक सेवेचे दूरध्वनी सापडणे निराळे आणि गॅरेजवाल्याला वायरिंगचा नकाशा मिळणे निराळे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये या हक्काचा कायदा मतपेटीतून मिळवला आणि २०२० मध्ये पुन्हा मतदान करून त्याची कक्षा गाडीतून बिनतारी पाठवल्या जाणाऱ्या माहितीपर्यंत वाढवली. युरोपीय संघाने २००७ च्या नियमावलीतच स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना माहिती देणे उत्पादकांवर बंधनकारक केले. दोन्हीकडे कंपन्यांनी सुरक्षेचे कारण पुढे करून विरोध केला. ते कारण पूर्णपणे खोटे नाही. इमोबिलायझरची गुपिते चव्हाट्यावर आली तर चोरांचे फावते. पण फेऱ्यांचा आकडा कोणत्या क्रमांकाच्या संदेशात आहे हे सांगितल्याने कोणाची गाडी चोरीला जाईल, हे पटवून देणे अवघड आहे.

आपल्या कायद्याचा रोख मात्र अजून इंजिनावर कोरलेल्या क्रमांकावरच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. दुसऱ्या इंधनासाठी किट बसवण्याची मुभा अटींसह आहे. इंजिन बदलले तर चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. हेतू योग्य होता. रुंद टायर, कर्णकर्कश सायलेन्सर आणि पुढच्या बाजूचे लोखंडी बंपर यांनी रस्त्यांवर उच्छाद मांडला होता. पण या चौकटीत कायदेशीर बदल आणि सुरक्षित बदल या दोन गोष्टी एकच समजल्या गेल्या आहेत. तशा त्या नाहीत.

परिवहन कार्यालयात इंजिनाचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला जातो, खरेदीची पावती पाहिली जाते, धूर तपासला जातो. गॅसचा व्हॉल्व्ह खरोखर ठोक्यांवर बंद होतो का, याची चाचणी घ्यायला एक मिनिट पुरते: इंजिन सुरू असताना संदेशाची तार सोडवायची आणि व्हॉल्व्ह बंद झाल्याचा आवाज ऐकायचा. असली तपासणी कागदावर आली तर ती पैसे उकळण्याचे नवे कुरण होईल, अशी शंका कोणी घेतली तर तिला हसता येणार नाही. पण मग ती शंका सगळ्याच तपासण्यांना लागू पडते.

विजेच्या किटबाबत सरकारने थोडी अधिक दूरदृष्टी दाखवली. २०१६ मध्ये केलेल्या नियमांनुसार किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते आणि ते कोणीही ऐऱ्यागैऱ्याने बसवायचे नाही, किट बनवणाऱ्याने अधिकृत केलेल्यानेच बसवायचे. येथे काटा पुन्हा नव्या रूपात भेटतो. विजेच्या मोटारीला ठिणगी नाही, अल्टरनेटरही नाही. तिचा वेग तिच्यातला सेन्सर नियंत्रकाला सांगतो आणि नियंत्रकाने ठरवले तर तोच आकडा जुन्या काट्याला पुरवता येतो. काही हौशी लोक त्या काट्यावर फेऱ्यांऐवजी बॅटरीतून जाणारा करंट दाखवतात. चालकाला फेऱ्यांपेक्षा तो अधिक उपयोगी, हे मान्य करावे लागेल. पण अशी किटे महाग आहेत आणि ज्याची गाडी वयामुळे रस्त्यावरून उतरते आहे त्याला ती बहुधा परवडत नाहीत. त्याची वाट पुन्हा कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे जाते.

तेथे काम करणारा मुलगा उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असतो. टेस्ट लॅम्प लावून करंट आहे की नाही एवढे तो ओळखतो. हाच दिवा ईसीयूच्या बारीक तारेला लावला तर तो जास्त करंट ओढून आतला भाग जाळू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते तो एक ईसीयू जाळून शिकतो आणि त्याची भरपाई मालक किंवा उस्ताद करतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मोटार मेकॅनिकचे अभ्यासक्रम आहेत, परंतु वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या या मुलाला तेथे प्रवेशच नाही. त्याच्यासाठी संध्याकाळचे दोन महिन्यांचे वर्ग, मराठीत छापलेला वायरिंगचा नकाशा आणि स्वस्तातले स्कॅनर-यंत्र एवढी सोय झाली तर रस्त्यावरच्या कित्येक जुन्या गाड्या आजच्यापेक्षा सुरक्षित होतील. जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणातून सरकारी तिजोरीत जे वाढीव शुल्क जमा होते आहे, त्यातला एक वाटा याकडे वळवायला कोणाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही.

तोवर मालकाच्या हाती एक गोष्ट आहे. इंजिन बदलून घेतल्यावर बिलाचे पैसे देण्यापूर्वी काट्याचा आकडा दुसऱ्या कोणत्याही साधनाशी ताडून पाहावा. पेट्रोल इंजिन असेल तर टायमिंग लाइटशी, नव्या पद्धतीचे असेल तर स्कॅनरशी, डिझेल असेल तर पुलीवर चकाकती पट्टी चिकटवून हातातल्या टॅकोमीटरशी. एकदा गाडी उभी असताना, आठशे-नऊशे फेऱ्यांवर. एकदा तीन हजारांवर. दोन्ही ठिकाणी आकडे जुळले तर मोजणी बरोबर आहे. एका ठिकाणी जुळले आणि दुसऱ्या ठिकाणी फसले तर तारेत कोठेतरी गोंधळ आहे, आणि गाडी गॅरेजमधून बाहेर काढण्याआधी तो शोधणे भाग आहे.